चार वेगळ्या लाइनी आणि एक उघडा स्क्रू: घरी बनवलेल्या पेडल पॉवर सप्लायचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला एक गिटार वाजवणारा मुलगा, नोकरी करून शनिवार-रविवार बँडमध्ये वाजवतो, नाव इथे देत नाही, नुसतं 'गिटारिस्ट' म्हणतो. माझं काम ॲम्प आणि पेडल (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे डबे) दुरुस्तीचं, त्यामुळे तो माझ्याकडे आला तो "दादा, डिले पेडल खराब झालंय, आवाज करतंय" अशी तक्रार घेऊन. पेडल खराब नव्हतं. पण त्या आवाजाच्या मागे लागून त्याने शेवटी स्वतःचा पॉवर सप्लाय बनवला, आणि त्यात जे झालं ते मला लिहून ठेवण्यासारखं वाटलं, कारण सर्किट पहिल्या दिवसापासून बरोबर होतं आणि तरी एक पेडल बंद पडत होतं.

त्याच्या बोर्डवर आठ पेडल: वाह, जर्मेनियम फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, ॲनालॉग कोरस, ट्यूनर, डिजिटल डिले, डिजिटल रिव्हर्ब. फझ सोडून सगळी एकाच ९ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर, डेझी चेन केबलने, म्हणजे एकाच केबलला ओळीने अनेक पिना. ॲडॅप्टर जुन्या राऊटरचा. राऊटरच्या पिनमध्ये मधला टोक पॉझिटिव्ह असतो आणि गिटारच्या बहुतेक पेडलना मधला टोक निगेटिव्ह लागतो, म्हणून त्याने वायर कापून उलट्या जोडल्या होत्या, टेप लावून. फझ बॅटरीवर.

आवाज कुठून येत होता

इथे घाई केली की पैसे वाया जातात, कारण गिटारच्या चेनमध्ये निदान तीन प्रकारचे आवाज असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. जाड घूं घूं आवाज ५० हर्ट्झचा, तो बहुतेक पिकअपमधून (गिटारच्या तारांचं कंपन पकडणाऱ्या कॉइलमधून) किंवा अर्थिंगच्या लूपमधून येतो. जरा चिरका, करवतीसारखा बझ १०० हर्ट्झचा, तो फिल्टर कमी पडलेल्या सप्लायचा. आणि बारीक शिट्टी किंवा टिक-टिक, ती डिजिटल पेडलच्या आतल्या क्लॉकची. गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरायचं. आवाज कमी-जास्त झाला तर तो पिकअपचा, त्याला जगातला कुठलाच पॉवर सप्लाय थांबवू शकत नाही.

याच्याकडे फिरून फरक पडला तो थोडाच, पिकअप सिंगल कॉइलचा आहे त्यामुळे तेवढा असणारच. मुख्य त्रास शिट्टीचा होता आणि डिस्टॉर्शन चालू केलं की ती इतकी मोठी व्हायची की दोन ओळींच्या मधल्या शांततेत ऐकणाऱ्यांना पण कळायची. मग डिलेला चेनमधून काढून ९ व्होल्टची बॅटरी लावली, बाकी सगळं तसंच ठेवलं. शिट्टी गायब. परत ॲडॅप्टरवर लावलं, परत हजर. म्हणजे डिले ठीक, ॲम्प ठीक. डेझी चेनमध्ये सगळ्या पेडलची ग्राउंड (करंट परत जायची समाईक बाजू) दोन वाटांनी जोडलेली असते, एकदा पॉवरच्या केबलने आणि एकदा गिटारच्या पॅच केबलच्या शील्डने, आणि डिजिटल पेडल झटक्या-झटक्याने ओढतं तो करंट या दुसऱ्या वाटेनेही परत जातो, तिथे तो सिग्नलमध्ये मिसळतो आणि पुढचं डिस्टॉर्शन त्याला शंभरपट मोठा करतं. (डिले डिस्टॉर्शनच्या नंतर असला तरी ग्राउंड सगळ्यांची एकच, त्यामुळे क्रमाने काही वाचत नाही.)

काय काय करता आलं असतं

बॅटरी हा पहिला पर्याय. ओव्हरड्राइव्हसारखं पेडल ५-१० एमए (मिलिअँपिअर) खातं, त्याला अल्कलाइन बॅटरी आरामात कित्येक दिवस जाते. पण त्याचा रिव्हर्ब आम्ही मोजला तर १८० एमएच्या आसपास निघाला, त्यावर ९ व्होल्टची चांगली बॅटरी सुद्धा दोन-अडीच तासांत बसेल. बाद.

तयार आयसोलेटेड सप्लाय, म्हणजे प्रत्येक आउटपुट बाकीच्यांपासून पूर्ण वेगळं असलेला, विकत घ्यायचा, हा सगळ्यात सरळ रस्ता, पण चांगल्या कंपनीचा त्याच्या बजेटमध्ये बसत नव्हता. आणि बाजारात 'आयसोलेटेड' लिहिलेले स्वस्त डबे मिळतात त्यातले काही उघडून बघितले तर आत सगळ्या आउटपुटची ग्राउंड एकच, फक्त प्रत्येकाला वेगळा रेग्युलेटर. मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून दोन आउटपुटच्या निगेटिव्हला टेकवा, बीप आला तर ते आयसोलेटेड नाही, डब्यावर काही का लिहिलेलं असेना.

तिसरा, डिले आणि रिव्हर्बला स्वतंत्र ॲडॅप्टर द्यायचे, बाकीची ॲनालॉग पेडल आहेत तशी डेझी चेनवर. मी माझ्याकडचा एक ॲडॅप्टर लावून दाखवला, शिट्टी जवळजवळ गेली. खरं सांगायचं तर फक्त आवाजाचा प्रश्न होता तर हे पुरेसं होतं आणि मी त्याला तसं सांगितलंही. त्याला बोर्डखाली तीन ॲडॅप्टर आणि स्पाइक गार्डचं लोंबतं लटांबर नको होतं, आणि मुळात त्याला स्वतः बनवायचंच होतं. हे पण कारण असू शकतं, त्यात काही चूक नाही.

चौथा, छोटे डीसी-डीसी मॉड्यूल, एक वॅटवाले, ९ व्होल्ट आत ९ व्होल्ट बाहेर, आयसोलेटेड. स्वस्त आहेत, २३० व्होल्टला हात लावायला लागत नाही ही मोठी जमेची बाजू. पण एक वॅट म्हणजे ११० एमएच्या आसपास, रिव्हर्बला अपुरं. शिवाय प्रत्येक मॉड्यूल आपापल्या फ्रिक्वेन्सीला स्विच होतं, एखादं थोडं वर एखादं थोडं खाली, आणि दोघांमधला फरक बरोबर कानाला ऐकू येईल असा पडू शकतो. म्हणजे एक शिट्टी घालवायला दुसरी आणायची. फिल्टर लावून जमतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याला ते शोधत बसायला लागतं.

पाचवा, ट्रान्सफॉर्मरवर साधा लिनियर सप्लाय, प्रत्येक आउटपुटला वेगळं वाइंडिंग. जड, जुन्या पद्धतीचा, पण शांत. हा ठरला. अट एकच घातली, २३० व्होल्टच्या बाजूचं काम माझ्या बेंचवर माझ्यासमोर होणार.

ट्रान्सफॉर्मरचा निर्णय

तो आधी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घेऊन आला, म्हणाला याच्यात दोन वाइंडिंग आहेत तर दोन आउटपुट झाली. नाही होत. मधला शून्य दोघांचा एकच असतो, तिथेच दोन्ही बाजू जोडलेल्या. आयसोलेशन पाहिजे तर तारा तांब्यापासूनच वेगळ्या पाहिजेत.

मग किती आउटपुट हा प्रश्न. आठ पेडल म्हणून आठ आउटपुट असं त्याच्या डोक्यात होतं. पण बॅटरीच्या टेस्टमध्ये दिसलं होतं की ॲनालॉग पेडल एकमेकांना त्रास देत नाहीत, मग त्यांना वेगळं करून मिळणार काय? वाह, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस आणि ट्यूनर मिळून १०० एमएच्या आत-बाहेर, ती एका लाइनवर. डिले ७० एमए, एक लाइन. रिव्हर्ब १८०, एक लाइन. आणि फझ. हा फझ पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला, १९६६ च्या फझ फेसच्या घराण्यातला, त्याची ग्राउंड पॉझिटिव्हला असते. डेझी चेनवर लावला की पॅच केबलमधून सरळ शॉर्ट, म्हणून बिचारा इतके दिवस बॅटरीवर होता. स्वतंत्र लाइन मिळाली तर नुसती पिन उलटी जोडून तोही चालतो. म्हणजे चार.

व्होल्टेज ९ का १२? इथे तो अडून बसला होता की ९ व्होल्टचं पेडल तर ९ व्होल्टचं वाइंडिंग. गणित केलं. ९ व्होल्ट एसीचं शिखर १२.७, एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजमध्ये १.४ गेले, उरले ११.३, त्यात कपॅसिटरवरचा रिपल (उरलेला चढउतार) वजा, आणि रेग्युलेटरला ९ द्यायला आत निदान ११ तरी लागतात. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन २०० व्होल्टवर आली किंवा मंडपात जनरेटरवर वाजवायची वेळ आली की हेच ९.७ च्या आसपास येणार, रेग्युलेटर हात वर करणार आणि १०० हर्ट्झचा बझ थेट बाहेर. १२ व्होल्टचं वाइंडिंग घेतलं तर २०० व्होल्टच्या लाइनला पण १३.४ उरतात. किंमत म्हणजे थोडी जास्त उष्णता. ती परवडते.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला वाइंडिंगवाल्या एका काकांकडून. सांगितलं ते असं: प्रायमरी (लाइनची बाजू) २३०, चार सेकंडरी (आउटपुटची वाइंडिंग) १२ व्होल्ट, तीन २५० एमएच्या आणि एक ५०० ची, म्हणजे एकूण १५ व्हीए, प्रायमरी आणि सेकंडरी बॉबिनच्या वेगवेगळ्या कप्प्यात, चारही सेकंडरीमध्ये इन्सुलेशन पेपर, वरून वार्निश. डीसी बाजूला मिळणारा करंट एसी रेटिंगच्या साधारण ६० टक्केच धरायचा, म्हणून रिव्हर्बच्या १८० साठी ५०० ची तार. फझ २ एमए पण खात नाही तर त्याला बारीक तार टाका म्हटलं तर काका म्हणाले, "बारीक तार तुटते, काम वाढतं, पैसे तेवढेच, जाड घे की." घेतली.

सर्किट आणि डबा

सर्किटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक लाइनला चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, एलएम३१७ रेग्युलेटर, त्याचं व्होल्टेज ठरवणारे २४० ओहम आणि १.५ केचे रेझिस्टर, त्याने ९.०६ व्होल्ट येतात. ॲडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरॅड, हा छोटा कपॅसिटर लोक गाळतात पण त्यानेच रिपल दाबण्याची ताकद ६५ वरून ८० डेसिबलच्या आसपास जाते. कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्यायला लावले कारण छोटा ट्रान्सफॉर्मर लोड नसताना १२ च्या जागी १४ देतो, लाइन २४५ झाली तर शिखर २१ च्या आसपास पोचतं, १६ वाला फुगेल आणि २५ वाल्यावर उन्हाळ्यात बंद डब्यात माझा भरवसा नाही. फझच्या लाइनला १.५ केच्या जागी प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाकला, बॅटरी मरत आल्यावर फझचा जो फाटका आवाज येतो तो त्याला हवा असतो, ६ व्होल्टपर्यंत खाली घेता येतं. हा शौक, गरज नाही.

२३० ची बाजू माझ्यासमोर झाली: जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून काढलेलं तीन पिनचं सॉकेट, लाइव्हमध्ये २०० एमएचा स्लो-ब्लो फ्यूज, सोल्डरच्या सगळ्या डागांवर श्रिंक स्लीव्ह, आणि अर्थिंगची हिरवी वायर स्टार वॉशर लावून थेट ॲल्युमिनियमच्या डब्याला, रंग खरवडून. डीसी जॅक प्लास्टिक बॉडीचे, ते मुद्दाम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणवले. पेडलच्या पिनमध्ये मध्य निगेटिव्ह म्हणजे बाहेरची नळी पॉझिटिव्ह, धातूचा जॅक धातूच्या डब्यात बसवला की चारही पॉझिटिव्ह डब्यातून एकमेकांना जोडले गेले, मग चार वाइंडिंगचा खर्च कशाला केला?

रेग्युलेटर डब्यालाच बोल्टने कसायचे होते, डबा हाच हीट सिंक. एलएम३१७ च्या पाठीवरचा पत्रा म्हणजे त्याचं आउटपुट, ठरावीक ९ व्होल्टच्या ७८०९ रेग्युलेटरचा असतो तसा ग्राउंड नाही. म्हणून मागे मायका किंवा सिलिकॉन पॅड, आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश, दोन्ही पाहिजेत. हे काम त्याने घरी केलं. पॅड चारही ठिकाणी लावले. बुश दुकानातून आणताना तीनच आले असावेत, कारण चौथ्या ठिकाणी नुसता धातूचा स्क्रू होता.

डबा बंद करायच्या आधी त्याने टेस्ट केली होती, आणि ती अशी: चारही जॅकचे निगेटिव्ह एकमेकांपासून वेगळे आहेत का. आहेत. निगेटिव्ह आणि डबा वेगळे आहेत का. आहेत. पॉझिटिव्ह ते डबा, हे मोजलंच नाही.

रिहर्सल रूममध्ये काय झालं

घरी सगळं झकास. शिट्टी नाही, बझ नाही, फझ पहिल्यांदा बॅटरीशिवाय. मला रात्री व्हॉइस मेसेज आला, त्यात पाच सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड केलेली.

रिहर्सलला गेला, बोर्ड चालू केला, सगळ्या पेडलचे दिवे लागले. शेवटची केबल ॲम्पला लावली आणि रिव्हर्बचा दिवा विझला. केबल काढली, दिवा परत आला. लावली, गेला. बाकी पेडल व्यवस्थित. मग अशा वेळी होतं तेच झालं, प्रत्येकाने एक-एक कारण सांगितलं. केबल बदलली, ॲम्प बदलला, रिव्हर्ब खराब आहे म्हणून झालं. कोणीतरी म्हणालं इथल्या अर्थिंगमध्ये लोचा आहे, सप्लायच्या प्लगची अर्थिंगची पिन मोकळी कर. त्यांनी दोन पिनचं कन्व्हर्टर लावून बघितलं आणि रिव्हर्ब चालू झाला.

या ठिकाणी हे प्रकरण वाईट वळणावर जाऊ शकलं असतं. उपाय लागू पडला होता ना! पण तो लागू पडला म्हणजे काय, तर आत २३० व्होल्ट असलेला धातूचा डबा आता अर्थिंगशिवाय होता, आणि उद्या आतली एखादी वायर सुटून डब्याला लागली असती तर फ्यूज उडण्याऐवजी डबा, आणि डब्याला टेकलेला हात, लाइव्ह. त्याने वाजवायच्या आधी फोन केला हे चांगलं केलं. मी म्हटलं कन्व्हर्टर आत्ता काढ, रिव्हर्ब चेनमधून बाहेर काढ, आजची रिहर्सल रिव्हर्बशिवाय कर, आणि डबा घेऊन ये. तो वैतागला, पण ऐकलं. रिव्हर्बची लाइन नुसती बंद करून भागलं नसतं, कारण मेलेलं बफरवालं पेडल (इफेक्ट बंद असतानाही सिग्नल आतल्या सर्किटमधूनच नेणारं) सिग्नल पुढे जाऊ देत नाही.

फोनवर ऐकूनच अंदाज आला होता. रिव्हर्बचा पॉझिटिव्ह स्क्रूमधून डब्याला, डबा अर्थिंगला, अर्थिंग भिंतीतून ॲम्पला, ॲम्पची सिग्नल ग्राउंड अर्थिंगलाच जोडलेली, आणि ती पॅच केबलमधून रिव्हर्बच्या निगेटिव्हला. पूर्ण शॉर्ट, फक्त रूमभर फिरून आलेला. घरचा छोटा प्रॅक्टिस ॲम्प दोन पिनच्या ॲडॅप्टरवर चालतो, त्याला अर्थिंगच नाही, म्हणून तिथे वर्तुळ पुरं होत नव्हतं आणि सगळं शांत. अर्थिंगने काहीच बिघडवलं नव्हतं, तिने फक्त चूक दाखवली.

दुरुस्ती

बेंचवर रिव्हर्बचा पॉझिटिव्ह ते डबा मोजलं, बीप. बुश लावला, बीप गेला. काम दोन मिनिटांचं. एलएम३१७ ला काही झालं नव्हतं, करंट वाढला की तो स्वतःला आवरतो आणि फार तापला की बंद होतो. पण ट्रान्सफॉर्मर तापला होता, वार्निशचा वास येत होता, आणि फ्यूज मात्र शाबूत. हे बघून मी जरा थांबलो. एका सेकंडरीवर दीड अँपिअरचा शॉर्ट झाला तरी प्रायमरीला तो १०० एमएच्या आसपासच दिसतो, २०० चा फ्यूज त्याला ओळखणारच नाही. प्रायमरीचा फ्यूज आगीपासून वाचवायला आहे, एखाद्या वाइंडिंगला वाचवायला नाही. म्हणून चारही सेकंडरीत ब्रिजच्या आधी रीसेटेबल पॉलिफ्यूज (थंड झाले की आपोआप परत चालू होणारे) टाकले, लहान वाइंडिंगला लहान, मोठ्याला मोठा. काही रुपयांचा माल.

मग प्रत्येक पॉझिटिव्ह आणि प्रत्येक निगेटिव्ह डब्याशी, आणि प्रत्येक लाइन बाकीच्या तिन्ही लाइनींशी, असं सगळं मोजून कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आतून चिकटवला. प्रायमरी ते डबा मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) घेतलं, ठीक.

निकाल

शिट्टी गेली ती गेलीच. रिव्हर्ब चालू ठेवून पूर्ण सेट वाजवला तरी डबा हाताला कोमट लागतो एवढंच, रिव्हर्बचा रेग्युलेटर साधारण सव्वा वॅट जाळतो. खर्च ट्रान्सफॉर्मर धरून अडीच हजारांच्या आत, माझी मजुरी त्याने चहावर भागवली.

एक घूं घूं मात्र नवीन आली, फक्त वाह चालू केल्यावर. वाहच्या आत कॉइल असते, आणि डबा बोर्डखाली बरोबर वाहच्या पोटाशी बसवला होता. ईआय स्टॅम्पिंगचा (E आणि I आकाराच्या पत्र्यांचा) ट्रान्सफॉर्मर आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र फेकतो, ती कॉइल ते पकडते, आणि यात वायरिंगचा काही संबंध नाही. डबा बोर्डच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि नव्वद अंशात फिरवला, ऐकू येणं थांबलं. टोरॉइडल (गोल कड्यासारखा) गुंडाळून घेतला असता तर त्रास कमी झाला असता, पण काकांकडे ते होत नव्हतं आणि जिथे होतं तिथला भाव जवळपास दुप्पट होता.

परत करायचं झालं तर

एलएम३१७ डब्याला कसायचेच नाहीत. करंट एवढा कमी आहे की प्रत्येकाला छोटा स्वतंत्र हीट सिंक सर्किट बोर्डवरच लावला आणि डब्याला जाळीची भोकं पाडली तर पुरतं, आणि बुश-पॅडचा प्रश्नच उरत नाही. किंवा पूर्ण प्लास्टिक पॅकचे, पाठीवर पत्रा नसलेले रेग्युलेटर मिळतात ते घ्यायचे. पॉलिफ्यूज पहिल्यापासून. आणि टेस्ट घरच्या ॲम्पवर नाही तर अर्थिंग असलेल्या ॲम्पवर, सगळ्या केबल लावून.

तिसऱ्या पर्यायाबद्दल मी अजून तेच म्हणतो. ज्याला सोल्डरिंग येत नाही किंवा २३० ची बाजू बघून द्यायला माहितगार माणूस नाही त्याने दोन जादा ॲडॅप्टर घ्यावेत आणि वाजवायला बसावं.

गेल्या महिन्यात तो नवीन मॉड्युलेशन पेडल घेऊन आला, ३०० एमएवालं, म्हणाला एक लाइन वाढवून दे. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढी जागा नाही, रिव्हर्बच्या लाइनवर दोन्ही लावली तर ४८० होतात आणि त्या वाइंडिंगची झेप ३०० पर्यंतच. ते पेडल सध्या त्याच्या स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालतंय.